हिरव्या ठिपक्याचा पाटा

रेवा आणि ईशान,

गेल्या सोमवारी सुट्टी म्हणून तुम्ही लीड्सच्या कुठल्याशा हॉटेलात जेवायला बसला होतात आणि रेवाने फोन फिरवून मला आपल्या पुढ्यातलं ताट दाखवलं. नारिंगी रंगाचा दाट रस, त्यात पनीरचे चौकोन, वर सायीची नागमोडी रेघ. "आजी, व्हेज करी!" ती म्हणाली. इकडे माझ्या शेजारी तुमचे वालावलचे अप्पाआजोबा चहा पीत बसले होते. त्यांनी चष्मा वर सरकवला, पडद्याजवळ तोंड नेलं आणि गंभीरपणे विचारलं, "पाटा कुठला?"

मी हसले. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली तुमची आत्या हसली. तिकडे तुमची आईसुद्धा तोंडावर हात धरून हसली. तुम्ही दोघं मात्र आमच्याकडे बघत राहिलात. ईशान म्हणाला, "हे प्रत्येक वेळी असंच विचारतात. व्हॉट्स द जोक?"

फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नाही. त्याच सुमारास एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी खाणावळ चालवण्याच्या अनुभवांवर लिहाल का, असं विचारलं. मी म्हटलं, लिहीन, पण नातवंडांना लिहीन. बाकीच्या वाचकांनी शेजारी पाट मांडून बसावं. तुमचा बाबा तुम्हाला वाचून दाखवेल. अडलं तिथे आईला विचारा, कारण या गोष्टीत ती स्वतः ताटावर बसलेली आहे.

पाटा म्हणजे दगडाची सपाट शिळा. तिच्यावर दुसऱ्या लांबोळक्या दगडाने, म्हणजे वरवंट्याने, ओलं खोबरं, मिरची, धणे असं सगळं वाटायचं. हे वाटलेलं म्हणजे वाटप. आमच्या मालवणात जे काही भाताशी कालवून खातात त्याचा जीव या वाटपात असतो. आता घरोघरी मिक्सर आहेत. पण मी सांगते आहे तेव्हा आमच्या खाणावळीत विजेवर चालणारा मोठा रगडा एक आणि पाटे दोन होते.

मी बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि लग्न होऊन आले ती मालवणच्या बाजारातल्या एका मासळीच्या खाणावळीत. खाली खाणावळ, वर घर, आणि दोन्हीला मिळून स्वयंपाकघर एकच. तुमचे आजोबा गल्ल्यावर बसत. रांधायला शेवंती होती. उंच, काटक, नाकात चमकी, आणि तोंड असं की गिऱ्हाइकं दोन घास जास्त जेवायची ते तिचं बोलणं ऐकायला. माझ्यापेक्षा ती चार-पाच वर्षांनी मोठी. पहिल्या आठवड्यात तिने माझं नाव ठेवलं, इंग्लिश वयनी. ते शेवटपर्यंत टिकलं.

मासळीच्या खाणावळीत शाकाहारी माणूस म्हणजे लग्नाच्या घरात चुकून शिरलेला वाटसरू. त्याला कुणी हाकलत नाही, पण त्याचं काय करायचं हेही कुणाला कळत नाही. मी आले तेव्हा अशा माणसाला वरण-भात, पापड आणि एक बटाट्याची भाजी मिळे. एकदा फिरायला आलेलं एक वयस्क जोडपं बसलं होतं. त्या बाईंनी मला हळूच सांगितलं की गेले दोन दिवस आम्ही केळी आणि बिस्किटांवर आहोत. त्या दिवशी आमच्या घरासाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं होतं. मी त्यातलंच दोन वाट्या आणून ठेवलं, सोबत आंबोळ्या. वाटी संपली तशी त्या बाईंनी ती फक्त माझ्याकडे पुढे केली. मी ती भरली. परत पुढे केली. त्या वाटीने माझ्या डोक्यात किडा सोडला.

मी तुमच्या आजोबांना म्हटलं, आपण शाकाहारी जेवण नीट सुरू करूया. ते म्हणाले, "मालवणात येऊन भाजी कोण खाईल?" मी म्हटलं, सोमवारी सगळं मालवणच भाजी खातं.

बाहेरच्यांना यातली मेख कळत नाही, म्हणून सांगते. माशाच्या कढीत निम्मं काम मासा करतो. तो आपली चव घेऊनच टोपात उतरतो. काजूगर, फणसाची कुयरी म्हणजे कोवळा फणस, काळे वाटाणे, शेवग्याच्या शेंगा ही सालस मंडळी. ती स्वतःहून फार बोलत नाहीत, त्यांना वाटपाने बोलतं करावं लागतं. खोबरं किती भाजायचं यावर सगळं अवलंबून. पांढरं राहिलं तर रस गोडसर आणि पोरकट लागतो. तांब्याच्या नव्या भांड्यासारखा रंग आला की उतरवायचं, आणि त्यापुढे गेलं की कडू. त्या रंगाच्या आधी आणि नंतर फार जागा नाही. शिवाय सोमवारच्या जेवणात कांदा-लसूण नाही, म्हणजे तोही आधार गेला. आणि करी म्हणाल तर, तो शब्द आमच्याकडे गिऱ्हाइकंच घेऊन येत. आमच्याकडे आमटी असते, सांबारं असतं, उसळ असते, सार असतं. आणि भाताबरोबर आज काय आहे असं विचारायचं असेल तर शेवंती विचारी, "तोंडाक काय?" म्हणजे तोंडी लावायला काय.

मला शिस्तीची आवड. शाकाहारी म्हटलं की वेगळं म्हणजे वेगळं. मी टोप, झारे, डाव, विळी, आणि दोनातला एक पाटा असं सगळं बाजूला काढलं आणि प्रत्येकावर हिरव्या ऑइलपेंटचा ठिपका दिला. शेवंती कमरेवर हात ठेवून बघत होती.

"भांड्यांका टिकले लावल्यात, वयनी. आता हळदीकुंकू कधी?"

"शेवंती, माशाचा डाव या टोपात गेला तर मी चालवून घेणार नाही."

"मासो तरी खंय चलवन घेता? तेका पण आपलो टोप व्हयो."

पण ठिपके तिने पाळले. कुरकुर करत, मला चिडवत, पण पाळले.

सोमवारची गिऱ्हाइकं सगळ्यांत अवघड. ती शाकाहारी नव्हेत, ती एक दिवसापुरती शिक्षा भोगणारी माणसं. होड्या असलेले एक दांडगे गृहस्थ दर सोमवारी येऊन शेवंतीला विचारत, "आज काय गो?"

"काजूची उसळ."

"म्हंजे काय नाय."

आणि तीन वाट्या खाऊन जात. दुसऱ्या एकाने स्वतःला डॉक्टरच्या सांगण्यावरून शाकाहारी जाहीर केलं होतं. तो शाकाहारी ताट मागवी आणि मग दबक्या आवाजात म्हणे, "शेवंते, माका नुसतो बांगड्याचो रस घाल. तुकडो नको. आपण सोडलंय." शेवंती त्याला रस वाढी आणि वर म्हणे, "तुकड्यान काय पाप केल्यान तो?"

असं चाललं होतं. मग तुमच्या बाबाने तुमच्या आईचं नाव घरात घेतलं.

ती वालावलची. दोघं कुडाळला एकाच ऑफिसात नोकरीला होती. घर ब्राह्मणाचं, शुद्ध शाकाहारी, आई लहानपणी गेलेली. वडील निवृत्त शाळामास्तर, भातशेती आणि नारळाची बाग बघणारे. हेच तुमचे अप्पाआजोबा. त्यांनी मुलीला एकट्याने वाढवलं आणि तिच्यासाठी स्वतः चुलीपुढे बसायला शिकले. मासे खाणाऱ्या घरात मुलगी द्यायला त्यांनी सरळ नाही म्हटलं नव्हतं. पण होही म्हटलं नव्हतं. आणि एक पंचाईत होती. अप्पा परान्न घेत नसत. म्हणजे दुसऱ्याच्या हातचं शिजवलेलं काही खात नसत, नातेवाइकांकडेसुद्धा नाही. कुडाळला तालुक्याच्या कामाला गेले तरी पिशवीत कालवलेल्या पोह्यांचा डबा असे. आयुष्यात त्यांनी हॉटेलात चहासुद्धा घेतला नव्हता.

घर बघायला येतो, असा त्यांचा निरोप आला. तुमच्या आईने आदल्या दिवशी मला येऊन सांगितलं, "काकी, अप्पा तोंडाने हो म्हणणार नाहीत. ते तुमच्याकडे जेवले तर झालं असं समजा. न जेवता उठले तर मग..." मुलीचा बाप मुलाच्या घरून उपाशी उठला, ही बातमी वालावलच्या तळ्यापर्यंत जायला एसटी लागत नाही. आणि तुमची आई बापाचं मन मोडून लग्न करणारी नव्हती. तुमच्या बाबालाही ते माहीत होतं. तो त्या रात्री जेवला नाही.

मी विचार करत बसले. आपल्याकडे जुनी रीत आहे. जो आपल्या हातचं खात नाही, त्याला कोरडा शिधा द्यायचा. तांदूळ, डाळ, नारळ, तूप, भाजी. त्याने आपला वेगळा रांधून खावा. ही रीत देवळात किंवा धर्मशाळेत शोभते. खाणावळीत कुणी शिधा दिल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण मला दुसरं सुचेना.

मुद्दाम सोमवार धरला, त्या दिवशी मासळी कमी. पर्यटकांसाठी थोडा बांगडा तेवढा होता. उन्हाळा होता, ओल्या काजूगरांचे दिवस. अप्पा आले. पांढरं धोतर, काळी टोपी, खांद्याला पिशवी. पिशवीतून डब्याची कड दिसत होती. तुमची आई मागे उभी, चेहरा कागदासारखा.

अप्पा आमच्याशी कचेरीत बोलतात तसं प्रमाण मराठी बोलत होते. "आपला व्यवसाय किती वर्षांचा?" "चिरंजीवांचं शिक्षण कुठे झालं?" पाणीही त्यांनी आपल्या फिरकीच्या तांब्यातलं प्यायलं. जेवायची वेळ झाली तशी त्यांनी हळूच पिशवी पुढे ओढली. मी आत गेले आणि सूप घेऊन आले. सुपात तांदूळ, तूरडाळ, एक सोललेला नारळ, तुपाची वाटी, कोकमं, गूळ आणि मधोमध सोललेल्या ओल्या काजूगरांचा ढीग. सोबत कोरा टोप आणि कोरा डाव.

"अप्पा," मी म्हटलं, "तुम्ही आमच्या हातचं घेत नाही, ते ठीक आहे. आम्हाला तुमच्या हातचं चालतं. तुम्ही रांधा, आम्ही जेवू."

ते सुपाकडे बघत राहिले. "इथे? खाणावळीत?"

"चूल रिकामी करून धुऊन ठेवली आहे."

आतून शेवंतीचा आवाज आला, "माझ्या चुलीर पुरुषमाणूस? बघूक तर व्हया!"

अप्पांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली, सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि आत गेले.

भात आणि आमटी त्यांनी सुरेख केली. वर्षानुवर्षं एकट्याने रांधणाऱ्या माणसाची काटकसरीची हालचाल होती ती. पण खाणावळीची भट्टी ही घरच्या शेगडीसारखी नसते. कळ जराशी फिरवली की ज्वाळा गर्जना करत उठते. नारळ खवून त्यांनी खोबरं भाजायला घेतलं आणि सवयीप्रमाणे वळून काजूगर धुवायला लागले. घरच्या चुलीवर तेवढा वेळ असतो. भट्टीवर नसतो. शेवंती ओरडली, "मास्तरांनू, खोबरां!" ते वळले तोवर कढईत कोळसा झाला होता.

नारळ एकच दिला होता. मी चटकन म्हटलं, दुसरा नारळ फोडते. पण अप्पा तसेच उभे होते, हातात उलथनं, कपाळावर घाम. बाहेर सगळे ताटं मांडून बसलेले. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, आता हे हात धुतील आणि पिशवी उचलतील. दुसऱ्याच्या घरात, व्याही होऊ पाहणाऱ्यांच्या देखत, ज्या कामाचा अभिमान त्यात असं होणं. माझ्या मागे दारात तुमची आई उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

शेवंतीने कढई उचलून मोरीत ठेवली. मग फडक्याखालचं एक पातेलं पुढे सरकवलं. सोमवारच्या गिऱ्हाइकांसाठी तिने केलेलं वाटप, तांब्याच्या रंगाचं. "ह्या घेवा. कांदो नाय, लसूण नाय. सोमवाराचा आसा."

अप्पांनी पातेल्याकडे पाहिलं, मग शेवंतीकडे, मग कोपऱ्यातल्या दोन पाट्यांकडे. आणि विचारलं, "पाटा कुठला?"

मी याच प्रश्नासाठी इतकी वर्षं ठिपके रंगवत होते. मी ताठ उभी राहिले आणि सांगितलं, "हिरव्या ठिपक्याचा, अप्पा. तो फक्त शाकाहारी..."

"वयनी, थांबा." शेवंती म्हणाली. "ठिपको आसा. पण आज तेचो काय उपेग नाय, मास्तरांनू. सकाळी लाईट गेल्ली, रगडो बंद. दुसऱ्या पाट्यार लाल मिरशी होती. मगे बांगड्याचो मसालो मी ह्याच पाट्यार वाटलंय. धुतलंय, राख लावन घासलंय, मगेच ह्या वाटप केलंय. पण वाटलंय ता वाटलंय."

ती गप्प राहिली असती तर कुणाला कळणार होतं? दारात तुमच्या आईने डोळे मिटले. मी शेवंतीकडे बघितलं तर ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती सरळ अप्पांकडे बघत होती.

अप्पांनी उलथनं खाली ठेवलं. मग बोलले ते मालवणीत. घरात पाऊल टाकल्यापासून पहिल्यांदाच.

"बांगडो पाट्यार इल्लो?"

"बांगडो पाट्यार कित्या येतलो? आमी काय बांगड्याची चटणी वाटतंव? मसालो पाट्यार, बांगडो टोपात. तेंची गाठ पडता ती चुलीर."

"मसाल्यात काय होतां?"

"खोबरां, मिरशी, धणे, हळद, चिंच."

"म्हंजे माझ्या पाट्यार असतां ताच."

"ताच. तुमच्या पाट्याखाली मांजर बसान नसता, इतकोच फरक."

अप्पा हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग त्यांना डोळे पुसावे लागले. धुराने म्हणा. पातेलं त्यांनी स्वतःच्या हाताने ओढून घेतलं. "तुमी ठिपको सांगल्यात," ते मला म्हणाले, अजून मालवणीतच, "तिणा खरा सांगल्यान." आणि काजूगर टोपात सोडले.

त्या दिवशी आम्ही सगळे अप्पांच्या हातचं जेवलो. काजूची उसळ जरा गोड झाली होती, गूळ त्यांच्या हातून जास्त पडला होता. तुमचे आजोबा तीनदा वाढून घेऊन "झकास" म्हणत होते, कारण त्यांना मुलाचं लग्न करायचं होतं. अप्पा शेवटी बसले. शेवंतीच्या वाटपाचा पहिला घास त्यांनी तोंडात ठेवला आणि आम्ही कुणी त्यांच्याकडे बघत नाही असं दाखवत होतो. तुमचा बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे टक लावून होता. अप्पांनी भात संपवला. मग वाटी पुढे केली.

हो ते म्हणालेच नाहीत. निघताना पिशवीतला पोह्यांचा डबा त्यांनी न उघडताच शेवंतीच्या हातात ठेवला. "ह्ये तुमी खावा." तुमची आई अंगणात जाऊन रडली.

शेवंतीला मी त्या संध्याकाळी विचारलं, तुला भीती नाही वाटली? ती पोह्यांत खोबरं घालून खात होती. म्हणाली, "तुमचा ता ठिपक्याचा मी येवढी वर्षा पाळलंय, ता काय लोकांका फसवूक? आणि मास्तराचे पोहे बरे आसत हां."

लग्न झालं. पुढच्या सोमवारी अप्पा वालावलहून एसटीने आले, सोबत वालीच्या शेंगा घेऊन. चुलीपुढे उभे राहिले, शेवंतीने वाटप दिलं. त्यापुढच्या सोमवारी त्यांनी शेंगा नुसत्या मोडून दिल्या आणि रांधलं शेवंतीने. मग एका सोमवारी ते सरळ गिऱ्हाइकांच्या बाकावर येऊन बसले, होड्यावाल्या गृहस्थांच्या शेजारी, आणि आतल्या दिशेने मोठ्याने म्हणाले, "पाटा कुठला?"

आतून उत्तर आलं, "बांगड्याचो!"

सगळी खाणावळ दचकली. नवीन गिऱ्हाईक असलेल्या एका बाईंनी घास खाली ठेवला, त्यांना मला समजावून सांगावं लागलं. पण तो त्या दोघांचा नमस्कार-चमत्कार झाला. दर सोमवारी. पावसात छत्री झटकत, उन्हात टोपीने वारा घेत, अप्पा बाकावर बसत, प्रश्न विचारत, उत्तर ऐकत, मगच तांब्या भरून घेत. कुयरीची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबारं, अळू, भरल्या वांग्यांचा रस. सत्तरीच्या वाटेवर तो माणूस बाहेर जेवायला शिकला, आणि शिकला तो असा की शेवंतीने मीठ कमी टाकलं तर ताटावरूनच मास्तरी करी. "शेवंतीबाई, आज गुण कापतलंय." "कापा. नापास झालंय तरी उद्या चूल माकाच पेटवची आसा."

तुम्ही अगदी लहान असताना, तुमचे आईबाबा तुम्हाला घेऊन तिकडे जायला निघाले, तेव्हा गोव्याच्या विमानतळावर सोडायला मी, अप्पा आणि शेवंती गेलो होतो. तुमचे आजोबा खाणावळ सांभाळायला मागे थांबले. खरं म्हणजे त्यांना निरोप देणं जमत नसे. परतताना दुपार टळली होती. ड्रायव्हरने हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलाशी गाडी थांबवली. थंडगार हॉल, काचेची टेबलं. तुमच्या लीड्सच्या हॉटेलात असेल तसंच काहीतरी. अप्पा म्हणाले, "काहीतरी मागवा," आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी शाकाहारी हवं म्हणून पनीरचं काहीतरी सांगितलं. आलं ते रेवाच्या ताटातल्यासारखंच, नारिंगी, वर सायीची रेघ. कुणी हात लावेना.

शेवंती आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याने रांधलेलं हॉटेलात खायला बसली होती. तिने वाटी जवळ ओढली, वास घेतला, आणि वेटरला बोलावलं.

"काय रे, पाटो खंयचो?"

"काय मावशी?"

"पाटो, पाटो. खंयच्या पाट्यार वाटलंस?"

"मिक्सर आहे मावशी."

"तोच खंयचो? कोकणातलो की घाटावयलो?"

तो बिचारा मॅनेजरला विचारायला गेला. अप्पांनी खिडकीबाहेरून तोंड वळवलं. आणि आम्ही तिघं म्हातारी माणसं त्या काचेच्या टेबलावर डोकं टेकून हसलो, आणि हसता हसता तिघंही रडलो, आणि मग जेवलो. शेवंतीचं मत असं पडलं, "रस बरो आसा. पण कोणाचो ता कळणा नाय." रेवा, तुझ्या त्या ताटाबद्दल माझं मत विचारशील तर हेच. खा, आवडीने खा. बाहेरचं खाण्यातली मजा मला कुणी शिकवायला नको, माझा सगळा जन्म इतरांच्या त्या मजेवर गेला. पण जमलं तर कधी आत डोकावून विचार की हे कुणी केलं.

मला एक खंत आहे. त्या एका दुपारीशिवाय शेवंतीला मी कधी बाहेर जेवायला नेलं नाही. तिला वाढणारं कुणी असावं, हे मला सुचलं ते उशिरा.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ती गेली. आजारी फार नव्हती, चार दिवस ताप. तुमचे आजोबा तिच्या आधीच गेले होते, तेव्हा दोन्ही निरोप अप्पांना मीच कळवले. तिचं बारावं-तेरावं झालं. खाणावळ तोवर तुमच्या आत्याने हातात घेतली होती. मला वाटलं अप्पा आता यायचे नाहीत. वय झालं होतं, गुडघे दुखत होते, आणि एसटीचे धक्के कशासाठी खायचे?

पण सोमवारी ते आले. बाकावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. आणि काही विचारलं नाही. आत्याने ताट वाढलं, काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं. वाटप मी केलं होतं, पाट्यावर, हाताने. अप्पा ताटाकडे बघत होते. भाताला हात लावेनात. होड्यावाल्यांचा मुलगा शेजारी जेवत होता, तोही थांबला. मी दारात उभी. मला कळलं की आज ते न जेवता उठले तर पुन्हा यायचे नाहीत. ना आमच्याकडे, ना कुठेच. घरी जाऊन पोहे कालवतील.

मला मालवणी बोलता येत नाही. इतकी वर्षं ऐकली, पण जिभेवर बेळगाव आणि कॉन्व्हेंट बसलेलं. शेवंती चेष्टा करील म्हणून मी कधी प्रयत्नही केला नाही. त्या दिवशी, कुणी काही विचारलेलं नसताना, मी दारातून म्हटलं,

"बांगड्याचो!"

आवाज माझा मलाच परका वाटला. अप्पांनी मान वर केली. मग मास्तरांच्या आवाजात म्हणाले, "विहीणबाई, उच्चार सुधारा." आणि भात कालवला.

अजून ते येतात. पुतण्या गाडीने सोडतो. उत्तर मी देते. उच्चार सुधारलेला नाही, असं ते दर सोमवारी सांगतात. ठिपक्याचा पाटा मी आत्याला टाकू दिलेला नाही. हिरवा रंग आता बारीक नखाएवढा उरला आहे.

तर ईशान, गंमत ही आहे. मे महिन्यात तुम्ही याल तेव्हा ओले काजूगर असतील. अप्पाआजोबा बाकावर बसतील, रेवाकडे बघून भुवया उंचावतील आणि विचारतील. मी तेव्हा आतच थांबेन आणि तोंड उघडणार नाही. काय म्हणायचं ते तुम्हाला आता ठाऊक आहे. मोठ्याने म्हणा, त्यांना हल्ली कमी ऐकू येतं.

तुमची,
आजी